एका चुलीवरची दोन माणसं

मालोजीअण्णा कोणाचंही नाव विचारण्याआधी जीभ बघत. बंगळूरात मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर, म्हणजे आडगल्लीत, डॉक्टर रंगय्यांचा दवाखाना होता आणि अण्णा तिथे कंपाउंडर होते. माणूस उंबरा ओलांडून आत आला की औषधाच्या खिडकीतून त्यांचा आवाज येई, "नाव मग सांगा. आधी जीभ काढा बघू." जीभ पाहून ते स्वतःशीच "सरी", म्हणजे ठीक, म्हणत आणि मगच चिठ्ठीवर नाव लिहीत. रोगी डॉक्टरांपुढे बसेपर्यंत त्यांचं निदान झालेलं असे. ते बहुतेक वेळा बरोबर निघे, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर मी बेळगावहून बंगळूरला आलो आणि छावणीतल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो. अण्णांच्या घराची माडीवरची खोली मी भाड्याने घेतली होती. खोली बघायला गेलो तेव्हा माझीही जीभ पाहिली गेली. "चहा फार पिता, पेपरवाले," ते म्हणाले. "खोली देतो. पण चहा स्वल्प कमी करा." पुढली दहा वर्षं त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही.

त्यांचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी बोलत, पण रागावले की कन्नडमध्ये. अण्णा अंगाने स्थूल होते. दवाखान्यात त्यांच्यासाठी सुताराकडून वेगळं स्टूल करून घेतलं होतं. रविवारी घरात मटण शिजे आणि त्याचा वास माडीवर येई. त्यांचे थोरले भाऊ शेजारच्या गल्लीत राहत. तेही तसेच स्थूल, तसेच खवय्ये. एका रविवारी जेवून उठताना ते पाटावरच कोसळले आणि डॉक्टर येण्याआधी गेले.

त्यांच्यात दिवसकार्य आटोपल्यावर मटणाचं जेवण करून सुतक सोडायची रीत होती. सगळे भाऊबंद पंगतीला बसले. अण्णांच्या पानात वाढलं गेलं आणि त्यांनी पान पुढे सरकवलं. "दादा ह्यानंच गेला," ते म्हणाले. "मी हे आता शिवणार नाही." पंगतीत कुजबुज झाली. मेलेल्याचा अपमान झाला असं एका चुलत्याने मोठ्याने म्हटलं. अण्णा उठले नाहीत, पानासमोर तसेच बसून राहिले. मी त्या पंगतीत होतो.

दूध सुटलं ते पुढच्या वर्षी. गवळी गाय दारात आणून धार काढून देई. त्या गाईचं वासरू मेलं होतं. गवळ्याने वासराच्या कातड्यात पेंढा भरला होता आणि ते काखोटीला मारून तो दारोदार फिरे. पेंढ्याचं वासरू पुढे ठेवलं की गाय त्याला चाटत राही आणि पान्हा सोडी. अण्णा हे रोज बघत असणार. एक दिवस त्यांनी ते नीट पाहिलं. भांडं घेऊन बाहेर गेलेले अण्णा रिकामं भांडं घेऊन आत आले. दूध, दही, ताक, तूप त्या दिवसापासून बंद.

त्यांच्या पत्नी गौराक्का तोंडाच्या फटकळ होत्या. "देवानं दात दिले ते काय नुसते हसायला?" असं त्यांनी माझ्यासमोर विचारलं.

"दात हरणालाही असतात गं."

"हरणाला बायको नसते विचारायला. दही नाही तर भात कशाशी कालवू? तुमच्या मिक्श्चरशी?"

"सारू आहे की. उसळ आहे. शेंगदाण्याची चटणी आहे."

"आणि जावयाला काय वाढू? हरणाचा पाला?"

पण गौराक्कांनी ऐकलं. एका घरात दोन चुली नकोत, असं त्या म्हणाल्या आणि घरातलं दूध, मटण, अंडी सगळं गेलं. मटणाचं पातेलं त्यांनी माळ्यावर टाकलं. हा त्यांचा मोठा त्याग आहे असं मी तेव्हा समजलो. अण्णाही तसंच समजले.

या आहाराने अण्णांचं भलं झालं, हे नोंदवायला हवं. वर्षभरात ते निम्मे झाले. रक्तदाब उतरला. डॉक्टर रंगय्या तो स्वतः मोजत, त्यामुळे शंकेला जागा नाही. माडीचा जिना ते पूर्वी दोनदा थांबून चढत, आता गाणं गुणगुणत चढू लागले. ते खुशीत होते आणि खुशीतला माणूस गप्प राहत नाही. औषधाची बाटली देताना ते आहारही सांगू लागले. त्या काळी बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवत, म्हणजे किती घोट घ्यायचे ते कळे. ती पट्टी दाखवून ते म्हणत, "बाटलीला खुणा असतात म्हणून औषध कोण जास्त पीत नाही. पोटाला खुणा नाहीत, तिथंच सगळा घोळ आहे." मग मांसाने काय होतं, दुधाने कफ कसा धरतो, शेंगदाण्यात आणि डाळीत काय काय असतं, हे सगळं येई. कोणी शंका काढली की त्यांचा शेवटचा पुरावा ठरलेला असे. "माझं सोडा. आमच्या गौरीला बघा. माझ्याच चुलीवरचं खाते. पाच वर्षांत एक दिवस अंथरुणाला पाठ लावलीय का विचारा."

गौराक्का तिथे असल्या तर दुसरीकडे बघत. मला तो संकोच वाटे.

डॉक्टर रंगय्यांचं मत वेगळं होतं, पण ते वाद घालत नसत. "मांस सोडलं हे उत्तम केलंस मालोजी," ते म्हणत. "पण ताक घे. एवढी मोठी माणसं शतकानुशतकं ताक पितात, ती काय वेडी?" अण्णा यावर हसत. जनावराचं काही पोटात घेणार नाही, असा त्यांनी भावाच्या नावाने नेम केला होता. आहार म्हणून सुरू झालेली गोष्ट तोपर्यंत व्रत झाली होती.

साठ साल उलटलं आणि दोन-एक वर्षांनी अण्णा फिके दिसू लागले. जिन्यावर पुन्हा थांबू लागले. त्यांनी मिरची सोडली. तोंड येतं, असं म्हणाले. रोज पन्नास जिभा बघणाऱ्या माणसाला स्वतःची जीभ लालभडक आणि गुळगुळीत झालेली आरशात दिसली नसेल, हे शक्य नाही. पंडुरोगाची ती जीभ त्यांनी शेकडो बायकांत ओळखली होती. त्यावरचा इलाज त्यांच्याच हातचा होता. जनावराच्या यकृताचा अर्क, तपकिरी, दाट, दंडात टोचताना माणूस ओरडे असा. वीस वर्षं ते तो टोचत आले होते. स्वतःला टोचून घ्यायचा म्हणजे नेम मोडायचा.

त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. कपाटातून फोलिक ॲसिडच्या पिवळ्या गोळ्या घेतल्या. या गोळ्या पंडुरोगावर चालतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या कारखान्यात बनतात, जनावरातून येत नाहीत, हेही. दोन महिन्यांत चेहऱ्यावर रंग आला. जिन्यावरचं थांबणं गेलं. "बघा पेपरवाले," एकदा ते मला म्हणाले, "यकृताशिवायही रक्त होतं." कशाबद्दल बोलत होते ते मला त्या वेळी कळलं नाही. मी विचारलंही नाही. पेपरवाल्याने विचारायला हवं होतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. मग तळव्याखाली कापूस आहे असं वाटू लागलं. वहाण कधी निसटली ते कळेना. ते अनवाणीच दवाखान्यात पोचत आणि लोक हसत. अंधार पडला की भिंत धरून चालत. एक दिवस बाटलीत औषध ओतताना बाटली त्यांच्या हातातून सुटली. ती फुटल्याचं त्यांना आवाजाने कळलं, हाताने नाही. डॉक्टर रंगय्या आतून बाहेर आले. त्यांनी अण्णांना उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. अण्णांनी डोळे मिटले आणि झाड पडावं तसे आडवे झाले.

त्या संध्याकाळी डॉक्टर घरी आले. मी होतो. गौराक्का दाराशी उभ्या होत्या. गोळ्यांची गोष्ट तेव्हा बाहेर आली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मालोजी, त्या गोळीनं फक्त तोंडाला रंग चढवला. आत आग चालूच होती. रक्त सुधारतं आणि नसा जळत राहतात. तुला जे कमी पडलंय ते जीवनसत्त्व बी-बारा आहे. ते झाडापाल्यात नाही. गोळ्या नसत्या घेतल्यास तर फिकटपणा बघून मीच तुला सहा महिन्यांपूर्वी धरला असता."

"यकृत घेणार नाही," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी खिशातून एक खोका काढला. आत लाल रंगाच्या औषधाची कुपी होती. तो रंग बघून अण्णांनी तोंड फिरवलं. "ते रक्तच आहे."

"रक्त नाही. रंगच तसा. हल्ली हे जंतू वाढवून त्यातून काढतात, जनावरातून नाही. कागद वाच."

खोक्यातला कागद अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचला. औषधाच्या छापील कागदावर त्यांचा विश्वास होता. जनावर नाही, हे त्यांनी मान्य केलं. डॉक्टरांनी सुई उकळायला सांगितली. तेव्हा अण्णांनी हात वर केला.

"स्वल्प थांबा डॉक्टर. मला एक सांगा. खाण्यानं झालं म्हणता, तर गौरीला का नाही? एक चूल, एक पातेलं. मी जे खातो ते ती खाते. तिचे पाय बघा, जीभ बघा. म्हणजे माझा रोग दुसराच आहे. खाण्यावर नाव टाकू नका."

डॉक्टरांनी गौराक्कांची जीभ पाहिली. कंप कळतो का ते बघायला पायाला ट्यूनिंग फोर्कचा गुंजणारा काटा लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. सगळं निर्दोष निघालं. डॉक्टर गोंधळले. एखाद्याच्या अंगात साठा जास्त असतो, म्हणाले, पण ते त्यांना स्वतःलाही पटलेलं दिसत नव्हतं. आणि अण्णा हट्टाला पेटले. सुई घेतली तर आहार चुकला हे कबूल केल्यासारखं होईल, आणि आहार चुकला नाही याचा पुरावा तर समोर दाराशी उभा आहे, असं ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. असे अठरा दिवस गेले. या रोगात अठरा दिवस फार असतात, असं डॉक्टर मला रोज सांगत. त्या दिवसांत अण्णांची पावलं उचलेनाशी झाली.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी गौराक्कांनी मला खाली हाक मारली. साक्षीला कोणीतरी हवं होतं, असं मला वाटतं. अण्णा खाटेवर होते. गौराक्का त्यांच्या पायांशी जमिनीवर बसल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारत म्हणाल्या, "मी खाते."

"काय?"

"बळेपेटेत माझ्या अक्काकडे जाते ना दर मंगळवारी. तिथं खाते. मटण असलं तर मटण. नाहीतर अंडं. दही तर नेहमीच."

अण्णा बघत राहिले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही सोडलंत त्याच्या पुढच्या मंगळवारपासून."

"आठ वर्षं?"

"भूक लागायची हो मला. तुम्ही लोकांना माझं नाव सांगत होता, मला बघा म्हणत होता, तेव्हा जीव जायचा माझा. पण सांगू कशी? सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

 बाहेर भाजीवाली ओरडत गेली. मला वाटलं अण्णा आता कन्नडमध्ये सुरू होतील. त्याऐवजी ते कंपाउंडरच्या आवाजात विचारू लागले, रोग्याला विचारावं तसं. दर मंगळवारी? चुकला का कधी? अंडं एक की दोन? दही वाटीभर? गौराक्का रडत रडत एकेका प्रश्नाचं उत्तर देत होत्या. शेवटी अण्णा म्हणाले, "म्हणजे आठवड्याला एक डोस पडत होता. पुरतो तेवढा." मग म्हणाले, "बरं केलंस खोटं बोललीस. खरं वागली असतीस तर आज दोन खाटा लागल्या असत्या."

आणि त्यांनी सदऱ्याची बाही वर केली.

सुया सुरू झाल्या. आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. हातांची बधिरता बरीच गेली. जीभ बरी झाली. पाय आले नाहीत. काठीवर आणि कोणाच्या तरी खांद्यावर ते न्हाणीघरापर्यंत जात, तेवढंच. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी सुरू केलं असतं तर कदाचित चालले असते. 'कदाचित' हा शब्द त्यांनी मुद्दाम दोनदा उच्चारला. दूध आणि मांस अण्णांनी तरीही घेतलं नाही. "सुई आहे ना," ते म्हणत. गौराक्का मात्र आता घरात उघडपणे दही लावू लागल्या. 

अण्णांना झोप येत नव्हती ती पायांमुळे नव्हे. आपलं ऐकून दूध सोडणारी किती घरं, याची त्यांनी मनाशी उजळणी केली. मटण सोडलेले पुष्कळ होते, त्यांची काळजी नव्हती, ते ताक पीत. सगळंच सोडलंय असं ज्यांनी अण्णांना सांगितलं होतं अशी अकरा घरं निघाली. एके सकाळी त्यांनी जटका, म्हणजे तिकडचा टांगा, मागवला. मी आणि टांगेवाल्याने त्यांना उचलून आत बसवलं. माझी रात्रपाळी होती, त्यामुळे सकाळी मी मोकळा असे. अकरा घरं आम्ही चार दिवसांत केली.

प्रत्येक दारात जटका थांबे. अण्णा आतूनच बोलत, उतरणं शक्य नव्हतं. "माझं ऐकून दूध सोडलंत. माझं चुकलं. आहार चुकला नाही, पण त्यात एक गोष्ट कमी आहे ती मला ठाऊक नव्हती. एक तर ताक सुरू करा, नाहीतर ही सुई घ्या. आणि आधी जीभ दाखवा."

पहिल्या घरातला कारकून ओशाळून हसला. "अण्णा, आम्ही तर तेव्हाच... म्हणजे महिन्याभरात पुन्हा सुरू केलं. मुलं ऐकेनात."

"मला सांगितलं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर बोलता बोलता आतून कॉफीचा पेला आला, दुधाचा. आणणाऱ्या सुनेला सासूने डोळ्यांनी दटावलं. एका कापडवाल्याने दूध कधी सोडलंच नव्हतं, नुसतं हो म्हटलं होतं, कारण अण्णा औषध नीट देत. जुन्या मित्रांपैकी एक म्हणाला, "अरे मालोजी, तू इतका मनापासून सांगायचास, नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं?" अण्णा प्रत्येक वेळी "सरी, सरी" म्हणत आणि टांगेवाल्याला पुढे हाकायला सांगत. तिसऱ्या दिवसाअखेर दहा घरं झाली. दहाही जणांनी केव्हाच पुन्हा दूध सुरू केलं होतं किंवा मुळात सोडलंच नव्हतं. परत येताना अण्णा जटक्याच्या कठड्याला डोकं टेकून बसले होते. "म्हणजे आठ वर्षं मी एकटाच होतो," ते म्हणाले. 

अकरावं घर श्रीरामपुरात होतं. मंजुळा नावाची विधवा तिथे शिवणयंत्र चालवून राहत असे. वय तिशीच्या आतबाहेर. चार वर्षांपूर्वी तिच्या पोटदुखीवर अण्णांनी आहार सांगितला होता आणि दुखणं थांबलं होतं. हाक ऐकून ती बाहेर आली. येताना तिने दाराची चौकट धरली. अण्णांनी ते पाहिलं, आणि त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं.

"दूध घेतेस?"

"नाही अण्णा. तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून थेंब नाही. अंडं नाही, काही नाही."

"जीभ काढ."

तिने काढली. अण्णांनी तिचा हात मागितला. बोटांच्या टोकांना बारीक बारीक भोकं पडलेली होती.

"हे काय?"

"यंत्राची सुई लागते. कळतच नाही हल्ली. मला वाटलं, कामाची सवय झाली म्हणून दुखत नाही."

अण्णांनी तिला तसंच जटक्यात घेतलं आणि दवाखान्यात आणलं. पहिली सुई त्यांनी स्वतः दिली, स्टुलावर बसून, डॉक्टर शेजारी उभे असताना.  मंजुळाची बोटं पावसाळा संपायच्या आत पूर्ववत झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभराने आली असती तर सांगता आलं नसतं.

त्या दिवशी घरी परतल्यावर आम्ही अण्णांना खाटेवर निजवलं. गौराक्कांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. अण्णा छताकडे बघत म्हणाले, "अकरांत एकीनंच ऐकलं गं माझं." ते त्यांनी कोणत्या भावनेने म्हटलं ते मला ठरवता आलं नाही. मी पुष्कळांची वाक्यं टिपली आहेत आणि ती कशी बोलली गेली हे सहसा माझ्या लक्षात राहतं. या वाक्यात भीती होती. आणखी एक काहीतरी होतं, आणि ते अण्णांनाही कळलं असावं, कारण त्यांनी लगेच डोळ्यांवर हात घेतला.

पुढल्या वर्षी माझी मुंबईला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा अंथरुणात पडून पडून अण्णांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. त्या भरत नव्हत्या. हिवाळ्यात ते गेल्याचं गौराक्कांचं पत्र आलं. पत्र दुसऱ्या कोणाच्या तरी हातचं होतं, खाली त्यांचा अंगठा. शेवटचे दोन महिने महिन्याची सुई द्यायला मंजुळा येत असे, असं त्यात लिहिलं होतं. तिला सुई टोचायला अण्णांनीच शिकवलं होतं.